घरी बोलणारे, शाळेत न बोलणारे मूल

(संस्थेच्या पालक मेळाव्यात कर्नाळा येथे केलेले भाषण)



या वर्षीचा मेळावा सभागृहात न घेता कर्नाळ्याच्या पायथ्याशी घ्यावयाचा, असे चिटणीससाहेबांनी कळविले तेव्हा मी माझा विषय बदलला. आधी मी अभ्यासाच्या सवयींवर बोलणार होते. तो विषय दर वर्षी कोणी ना कोणी घेतेच, आपण तो दर वर्षी ऐकता, आणि सवयी जेथल्या तेथे राहतात. या जंगलाशी मात्र माझी एक आठवण जोडलेली आहे. ती माझ्या चुकीची आठवण आहे. जिची ही हकीकत आहे तिची परवानगी घेऊन, परंतु नाव न घेता, ती आज सांगते.

पस्तीसएक वर्षांपूर्वी मी पनवेल तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवीत होते. दुसरीच्या वर्गाची सहल घेऊन आम्ही दोघी शिक्षिका येथे आलो. हे अभयारण्य १९६८ साली झाले. तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होते. २००३ साली वाढून बारा चौरस किलोमीटरच्या वर गेले. म्हणजे त्या वेळी जंगल आजच्यापेक्षा लहान. पण सात वर्षांच्या मुलाला काय, चार झाडे पुरेत. मुले चाळीस. वाटेवरून परत येऊन मोजदाद केली तर एकोणचाळीस.

आम्ही हाका मारीत मागे फिरलो. पाऊण तास त्या वाटेवर आम्ही ज्या मनःस्थितीत फिरलो, ती येथे बसलेल्या कोणत्याही शिक्षकाला सांगावयास नको. अखेर मुलगी सापडली. वाटेपासून वीस-पंचवीस पावलांवर एका झाडाच्या बुंध्याशी बसलेली. तिच्या नावाने ओरडत आम्ही त्याच जागेवरून दोनदा गेलो होतो. तिने दोन्ही वेळा हाक ऐकली होती, झुडपांतून आम्हांला पाहिलेही होते. तिने ओ दिली नाही.

मी तिला दंडाला धरून हलविले आणि विचारले, "तोंड नाही का तुला?" ती माझ्याकडे पाहत राहिली. चेहऱ्यावर रडे नाही, राग नाही, काहीच नाही. त्या कोऱ्या चेहऱ्याने माझा संताप आणखी वाढला. परत जाताना सगळ्या वर्गासमक्ष मी तिला पुष्कळ बोलले.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. भांडावयास आली असेल असे मला वाटले. तिने पिशवीतून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. मुलीचे अब्बा बहरीनला नोकरीस होते. त्या काळी आखातात गेलेल्या माणसाला घरून पत्राबरोबर, कधी पत्राऐवजी, आवाज भरलेली कॅसेट जात असे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पंधरा ऑगस्टच्या गाण्यांसाठी घेतलेला शाळेचा टेपरेकॉर्डर आम्ही काढला. कॅसेटमध्ये ती मुलगी आपल्या कोकणी बोलीत अब्बांना सहल सांगत होती. माकडाने कोणाचा डबा पळविला, सुळका अंगठ्यासारखा कसा दिसतो, टीचर कशा ओरडतात. माझी नक्कल तर अशी हुबेहूब की दुसऱ्या शिक्षिकेला हसू आवरेना. मग तिने सांगितले की टीचर हाका मारीत होत्या, मी आवाज काढावयास गेले तर गळा बंद झाला, आणि टीचर पुढे गेल्या तेव्हा वाटले की आता कोणी येणार नाही.

दीड वर्ष ती माझ्या वर्गात होती. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा, टेपरेकॉर्डरवर.

मंडळी, अशा अवस्थेला आज सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. मूल घरी, आपल्या माणसांत, मोकळेपणी आणि पुष्कळदा खूपच बोलते. परंतु शाळेत, दुकानात, पाहुण्यांसमोर, काही ठराविक ठिकाणी आणि ठराविक माणसांपुढे त्याची वाचा बंद होते. ही गोष्ट वैद्यांना नवी नाही. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ साली तिची नोंद केली, आणि नाव दिले त्याचा अर्थ होता 'स्वेच्छेने आलेले मुकेपण'. १९३४ साली स्वित्झर्लंडचे मोरित्झ ट्रामर यांनी 'इलेक्टिव्ह', म्हणजे मुलाने आपण होऊन पत्करलेले मौन, असे म्हटले. दोन्ही नावांत दोष मुलाच्या माथी. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९९४ साली नाव बदलून 'सिलेक्टिव्ह' झाले, आणि २०१३ साली ही अवस्था चिंता व भीतीच्या विकारांत घातली गेली. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले वर्गीकरणही तेच म्हणते. एवढ्या विद्वानांना हे मूल हट्टी नसून घाबरलेले आहे, हे अधिकृतपणे लिहावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. तेव्हा माझ्यासारख्या प्राथमिक शिक्षिकेने त्या दिवशी तिला हट्टी म्हटले, याचे नवल नाही. पण नवल नाही म्हणून चूक लहान होत नाही. मराठीत काही जण 'निवडक मौन' म्हणतात. मला तो शब्द रुचत नाही. मूल काही निवडीत नसते.

मग होते काय? बोलण्याची अपेक्षा झाली की मुलाच्या अंगात भीती भरते, शरीर ताठरते, चेहरा कोरा होतो, गळा आवळल्यासारखा होतो. शांतता लांबते. शेजारी बसलेल्या आईला ते पाहवत नाही, ती म्हणते, "तिचे नाव अमुक, ती दुसरीत आहे." लगेच मुलाची भीती उतरते, आईची उतरते, पाहुण्यांचीही अडचण संपते. सर्वांना बरे वाटते. असे शेकडो वेळा घडले की मुलाचे शरीर एक धडा पक्का शिकते की गप्प राहिले म्हणजे सुटका होते. उलट, कोणी "बोल, बोल" म्हणून पाठीस लागले तर भीती दुप्पट होते आणि पुढल्या खेपेला ती आधीपासूनच हजर असते. म्हणजे मुलाच्या वतीने बोलणे आणि मुलाला बोलावयास भाग पाडणे, दोन्हींचा परिणाम एकच.

हे दुखणे सहसा पाचव्या वर्षाच्या आत सुरू होते, पण ध्यानात येते शाळेत घातल्यावर. निरनिराळ्या देशांतील बहुतेक पाहण्यांत त्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमीच आढळले आहे; परंतु काहीशे मुलांच्या शाळेत असे एखाद-दुसरे मूल असणे अगदी शक्य आहे. मुलींत थोडे अधिक. आणि येथे आपल्या समाजापुरते मला थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. मुलगा बोलला नाही तर आपण त्याला मारतो. मुलगी बोलली नाही तर तिची वाखाणणी करतो. किती शांत, किती गुणी, मान वर करीत नाही! वर्गात साठ मुले असली की अशी मुलगी शिक्षकालाही हवीशी वाटते. ती त्रास देत नाही. मात्र तिला लघवीला जावयाचे असते तेव्हा ती विचारू शकत नाही. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. पोट दुखले तर सांगू शकत नाही. कोणी छळले, नको तेथे हात लावला, तरी शाळेत कोणाला सांगू शकत नाही. या जंगलात ती हाकेला ओ देऊ शकली नाही. शांत मुलीचे कौतुक करण्यापूर्वी एवढे पाहावे की तिला बोलता येते आणि ती गप्प आहे, की तिला बोलताच येत नाही.

आता एक रास्त शंका. आपल्या मुलांच्या डोक्यावर भाषांचे ओझे थोडेथोडके नाही. घरी कोकणी बोली, शाळेत कोठे उर्दू तर कोठे मराठी, त्यात इंग्रजी, आणि मदरशात अरबी पठण. नव्या भाषेत पडलेले मूल काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहून नुसते ऐकते. तो आजार नव्हे. म्हणूनच शाळेचा पहिला महिना धरीत नाहीत, आणि भाषा येत नाही म्हणून न बोलणाऱ्या मुलाला हे नाव देत नाहीत. ओळखावयाची खूण अशी की नुसती भाषा अडली असेल तर मूल मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलाशी आपल्या बोलीत कुजबुजेल, हातवारे करील, हसेल. सिलेक्टिव्ह म्युटिझम असलेले मूल पुष्कळदा शाळेच्या फाटकाच्या आत स्वतःच्या आईशीदेखील, स्वतःच्या बोलीत, बोलत नाही. मात्र दोन्ही एकाच मुलात असू शकतात, आणि अशी अवस्था घराबाहेर दुसरी भाषा बोलावी लागणाऱ्या मुलांत जास्त आढळते. तेव्हा "उर्दू येऊ लागली की बोलेल" असे म्हणून वर्षेच्या वर्षे थांबू नये.

दुसरी शंका आयांच्या मनात हमखास येते की आमच्या हातून काही झाले का, मुलाने काही भयंकर पाहिले का. बहुतेक मुलांत असे काही झालेले नसते. उपजत भित्रा, संकोची स्वभाव असतो आणि पुष्कळदा घराण्यात दुसरेही कोणी तसे असते. कवयित्री आणि लेखिका माया अँजेलो या अमेरिकेत लहानपणी जवळजवळ पाच वर्षे बोलल्या नाहीत, बोलल्या तर भावाशी. पण त्यांचे मौन सात-आठ वर्षांच्या वयात झालेल्या अत्याचारानंतर एकाएकी आलेले होते. ती गोष्ट वेगळी. चांगले बोलणारे मूल एकदम घरीदारी सगळीकडे गप्प झाले, तर मात्र वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे आणि काय घडले ते हळुवारपणे शोधावे.

असो. त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगते. तिच्या आईने तोवर ताईत बांधून पाहिला होता, आणि कोणा शेजारणीच्या सांगण्यावरून जिभेला मिरची लावूनही पाहिली होती. हे सांगताना ती माऊली रडली. मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात मुलांचे मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे आम्ही दोघी तिला घेऊन गेलो. त्यांनी मुलीला एक शब्दही विचारला नाही. आधी कान तपासून घ्यावयास सांगितले. मग आम्हांला जे सांगितले ते इतके साधे होते की मला पटेना.

शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात, दार लावून, आईने मुलीशी पंधरा मिनिटे खेळावयाचे. मी बाहेर. पहिले चार दिवस तेथेही ती बोलली नाही. पाचव्या दिवशी चिंचोक्यांच्या खेळात आईवर चिडून बोलली. शाळेच्या भिंतींत पहिला शब्द. मग दार किलकिले. मग उघडे आणि मी दूर व्हरांड्यात, पाठ करून, वह्या तपाशीत. मग मी दारात, मग शेवटच्या बाकावर. तिचा आवाज बसला की मी एक पाऊल मागे, खुलला की एक पाऊल पुढे. पाचव्या आठवड्यात मी त्यांच्या शेजारी बसले. आई आणि ती आळीपाळीने आकडे मोजत होत्या. आई एक, ती दोन, आई तीन, ती चार. मी मध्ये शिरले आणि "पाच" म्हटले. बराच वेळ गेला. मी तिच्याकडे पाहिले नाही, चिंचोक्यांकडे पाहत राहिले. मग "सहा" ऐकू आले.

मी शाबासकी दिली नाही, टाळ्या वाजविल्या नाहीत. डॉक्टरांनी तसे बजावले होते. "अगबाई, बोलली!" असा गलका झाला की मूल पुन्हा गोगलगायीसारखे आत जाते. मी "सात" म्हटले.

डॉ. सलीम अली हे आपल्यांतलेच एक थोर पक्षिशास्त्रज्ञ. त्यांनी १९३० साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, किहीमला सुगरण पक्ष्यांची घरटी तासन्‌तास गुपचूप बसून पाहिली आणि त्या पाखरांचा संसार जगाला सांगितला. मुलाची पाखराशी तुलना मला एरवी आवडत नाही. पण रोखून पाहू नये, सरळ चालून जाऊ नये, आपण तेथे आहोत हे त्याला सवयीचे होऊ द्यावे, एवढे येथील रखवालदारही आपल्याला सांगेल.

त्यानंतर आईच्या जागी तिची एक मैत्रीण आली, मग दोन. मग वर्गात सर्वांबरोबर पाढे म्हणणे, कारण समूहात आवाज मिसळतो आणि भीती कमी असते. मग शेजारणीबरोबर दोघींनी वाचणे, मग एकटीने एक ओळ. वर्ष गेले. पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली तेव्हा सगळे पुन्हा परतले; पण या वेळी आम्हांला वाट माहीत होती, आणि शाळा सुरू होण्याआधीच आई तिला नवा वर्ग व नव्या शिक्षिका दाखवून आली होती. आज ती दोन मुलांची आई आहे, नोकरी करते. फोनवर अनोळखी माणसाशी बोलावयाचे तर अजून अंगावर काटा येतो, असे सांगते. तिने मला माफ केले आहे. दंडाला धरल्याचे तिला अजून आठवते.

शिक्षकांनी काय करावे? हजेरीला हात वर केला तर हजर समजावे. लघवीसाठी एक चिठ्ठी किंवा खूण ठरवून द्यावी, अगदी पहिल्या दिवशी. तोंडी परीक्षेसाठी अडवून धरू नये. आकारिक मूल्यमापनात तोंडीकामाबरोबर प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, लेखी काम अशी साधने शिक्षकाच्या हाती आहेत, ती वापरावी. घरी मोबाइलवर भरून आणलेले वाचन ऐकावे. सुरुवातीला प्रश्न विचारूच नयेत, त्याच्या शेजारी बसून आपणच बोलत राहावे. ओळख झाल्यावर विचारावयाचे तर "लाल हवा की हिरवा?" असे विचारावे, कारण "हवा का?" याचे उत्तर मान हलवून देता येते. आणि विचारल्यावर मनात पाच आकडे मोजावे. पाच आकडे फार लांब असतात, हे करून पाहा. शिक्षा हा मार्ग तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंद केला आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही त्यात आले. वर्गापुढे "मुकी" म्हणणे हा छळच होय.

मौलवीसाहेबांना माझी नम्र विनंती आहे की असे मूल सबक सुनावीत नसेल तर तो बेअदबी नव्हे. घरी ते तीच सूरत बिनचूक म्हणते की नाही, हे एकदा त्याच्या आईला विचारावे. सूरे ताहामधील हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची दुआ आपली मुले परीक्षेच्या आधी म्हणतात. तीत जिभेची गाठ सुटावी अशी मागणी आहे, हे सर्वांना पाठ असते. तिच्या लगेच पुढे त्यांनी आपले भाऊ हारून यांना सोबतीला मागितले, हे आपण सहसा पुढे वाचत नाही. दुआ अवश्य करावी, सोबतही द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात असा कोणी असेल तर त्याला बोलते करण्याची पैज लावू नका. डब्याला त्याच्याजवळ बसा, तो उत्तर देत नसला तरी बोलत राहा, आणि एखाद्या दिवशी बोलला तर घरी जाऊन बोभाटा करू नका. त्या मुलीच्या बाबतीत जे मला पाच आठवड्यांत साधले, ते तिच्या मैत्रिणीला चार दिवसांत साधले.

एक महिन्याहून अधिक काळ हे चालले असेल तर दाखवावयास न्यावे. लहान वयात लवकर सुटते. बारा-तेराव्या वर्षी कठीण जाते. ऐकणे आणि उच्चार तपासण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून ती हे काम करीत आहे. मुंबईला केईएम, शीव आणि नायर येथे मनोविकार विभाग आहेत. जवळ कामोठ्याला एमजीएम रुग्णालय आहे. काही मुलांना औषधही लागते, ते मात्र तज्ज्ञाने द्यावयाचे. कोणाच्या मुलाला लागू पडले म्हणून आपल्याला नव्हे. कोठे जावे हेच कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, तेथे मराठीत बोलता येते.

माझे भाषण संपले की चहा आहे, असे चिटणीससाहेब खुणावीत आहेत. ज्यांना आपल्या मुलाबद्दल विचारावयाचे असेल त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटावे, मी शेवटची बस निघेपर्यंत येथेच आहे. फक्त येताना मुलाला हाताला धरून माझ्यापुढे उभे करू नका आणि "टीचरना सलाम कर" असे म्हणू नका. त्याला तिकडे माकडे पाहू द्या.